अभ्यासिकेची किल्ली

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. वर पत्रे, आत दोन लांब बाकं, एक लोखंडी कपाट आणि एक पंखा. पंखा तीनवर ठेवला की वह्या उडतात आणि दोनवर ठेवला की फिरतच नाही. ही आमची अभ्यासिका. तिला पितळी कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली एकच. दुसरी किल्ली विहिरीत पडली म्हणतात. कुणी पाडली, यावरून दोन घरांचं अजून बोलणं बंद आहे.

उरलेली ती एक किल्ली कुणाकडे राहणार, याचा नियम गुरुजींनी घालून दिलेला. गुरुजी म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवणं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. एप्रिलमधल्या जयंतीला सकाळची वंदना झाली की गुरुजी माइक हातात घेतात आणि वस्तीतल्या प्रत्येक शिकणाऱ्या पोराचे मार्क वाचतात. पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, मग मार्क. भोंगा निंबाच्या झाडावर बांधलेला असतो. त्यामुळे तुमचं गणित कच्चं आहे ही बातमी शेजारच्या डोंगरकड्याच्या बसथांब्यापर्यंत पोचते. डिग्रीच्या पोरांत ज्याचे मार्क सगळ्यांत जास्त, त्याच्या हातात वर्षभरासाठी किल्ली. पहाटे साडेपाचला अभ्यासिका उघडायची, संध्याकाळी सातला बंद करायची, आणि मधल्या वेळात कॉलेजातून आलं की तिथंच बसायचं. हुशार लेकरू बसलेलं दिसलं की बाकीची लेकरंही बसतील, असा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. फक्त त्या हुशार लेकराला कुणी विचारलेलं नव्हतं.

मी कळमनुरीच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना ती किल्ली माझ्या हातात आली. पहिल्या सत्राला मला नऊच्या वर ग्रेड पडली होती. गुरुजींनी ती भोंग्यावरून दोनदा वाचली. एकदा वाचली तेव्हा आमचे बाबा बिडी टाकायला मांडवाबाहेर गेले होते, म्हणून ते आल्यावर पुन्हा वाचली.

बाबा हळद शिजवायच्या कुकरवर कामाला जातात. ट्रॅक्टरला जोडलेला तो कुकर हंगामात या शेतातून त्या शेतात फिरतो आणि बाबा त्याच्यामागे फिरतात. त्यांची शाळा चौथीनंतरच सुटली. आमच्या घराला कुलूप लावावं असं कधी काही घरात नव्हतं, नुसती कडी असायची. त्या घरात त्या दिवशी किल्ली आली. बाबांनी शेजाऱ्याकडून हातोडी मागून आणली, भिंतीवरच्या फोटोंच्या शेजारी एक नवा खिळा ठोकला आणि किल्ली त्याला अडकवली. मग लांब जाऊन बघितलं, खिळा तिरपा वाटला, काढून पुन्हा ठोकला. आई म्हणाली, "भित पाडता का आता?" पण तिचाही डोळा त्या किल्लीवरच होता.

पहिले दोन महिने मी फार ऐटीत होते. खोटं कशाला सांगू? किल्ली पर्समध्ये नाही, हातात धरून चालायची. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की कुलूप खोलीला असलं तरी अडकले मीच आहे.

पहाटे साडेपाचला दार उघडायचं म्हणजे पाचला उठायचं. दार उघडलं की सगळ्यांत आधी दोन म्हातारे यायचे, कालचा पेपर वाचायला. आजचा पेपर नऊला येतो, पण त्यांना घाई असायची. मग बारावीची पोरं. "ताई, हे कसं सोडवायचं?" ताई सोडवून द्यायची. कुलूप लावून नऊच्या बसने कॉलेज, चारच्या बसने परत, की पुन्हा कुलूप उघडून अभ्यासिका. अभ्यासिकेच्या खिडकीसमोरच निंबाचा पार. पारावर बसणाऱ्यांना माझं डोकं दिसायचं. माझं डोकं खाली असलं की वस्ती खूश, वर असलं की चौकशी. "काहून वर बघून राहिली गं? काही अडलं काय?" डोकं वर करून नुसतं बसायचीही मला सोय नव्हती.

घरी तर त्याहून कहर. मला कपबशी विसळू देत नव्हते. मी झाडू हातात घेतला की आई हिसकून घ्यायची. सुट्टीच्या दिवशी मी पुस्तक घेऊन घरात बसले की बाबा दारात पाटावर बसून राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून सांगायचे, "हळू. लेकरू अभ्यास करून राहिलं." भाजीवाल्याला सांगायचे, फेरीवाल्याला सांगायचे. एकदा शेजारचा कोंबडा आरवला तर त्यालाही सांगितलं. कोंबड्याने ऐकलं नाही, पण बाबांनी सांगायचं सोडलं नाही. ते ऐकलं की मला आत बसून एक पानही उलटवेना. आपण पान उलटलं नाही तर बाहेर आवाज येणार नाही आणि बाबांना कळेल, असं काहीतरी डोक्यात यायचं. मग मी न वाचता पानं उलटायची.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत माझं डोकं रोज दुखायला लागलं. केस गळायला लागले. जेवण बेचव. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे मला त्याचा अभिमान वाटायचा! डोळ्यांखाली काळं आलं तर आरशात बघून वाटायचं, बघा, किती अभ्यास करते मी.

कॉलेजात माझी एक मैत्रीण होती. तिचे अब्बा कळमनुरीत शिलाईकाम करतात, दुकान आठवडी बाजाराच्या वाटेवर. ती माझ्याच बाकावर बसायची आणि तिला मार्क माझ्याएवढेच पडायचे, पण तिचा चेहरा रोज नुकत्याच धुतलेल्या ताटासारखा. तिचा नियम होता, संध्याकाळी दुकानात जाऊन बसल्यावर पुस्तक उघडायचं नाही. काज करायचे, बटणं लावायची, गिऱ्हाइकांच्या गमती ऐकायच्या आणि वेळेवर झोपायचं. एकदा प्रॅक्टिकलला माझ्या हातातली परीक्षानळी घसरली तेव्हा तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तू सोती कब हे गे?"

मी फणकाऱ्याने म्हटलं, "सोने को टाइम किधर हे?"

"मेरे को तो हे," ती म्हणाली आणि फुटलेली काच उचलायला वाकली. मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्या डब्यातलं काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी तिने खिचडा आणला, तेव्हा मात्र राग सोडला.

तिसऱ्या सत्राचा निकाल फेब्रुवारीत लागला. मला आठच्या थोडी वर. तिला नऊ. मोबाइलवर निकाल बघून मी स्क्रीन पुसली, पुन्हा बघितलं, आठच. एवढं बसून आठ! आणि हा आकडा गुरुजी एप्रिलमध्ये भोंग्यावरून वाचणार. बाबा मांडवात पुढे बसलेले असणार. किल्ली गेली तर मला खरं तर सुटल्यासारखंच झालं असतं, पण तो खिळा रिकामा झाला तर बाबांना काय वाटेल, हा विचार काही सुटत नव्हता. घरी मी निकाल सांगितलाच नाही. अजून लागायचा आहे म्हटलं.

या सगळ्यात माझी एकच जागा होती, जिथं मी अभ्यास करावा असं कुणालाच वाटत नव्हतं. चारची कळमनुरी-नांदेड बस. ड्रायव्हरच्या मागची खिडकी पकडायची, काचेला डोकं टेकवायचं आणि डोळे मिटायचे. त्या बसच्या कंडक्टर मॅडमना माझी सवय माहीत होती. बाळापूर गेलं की त्या तिकिटाच्या मशीनने माझ्या खांद्यावर हळूच टकटक करायच्या. "उठा बाई, तुमचं गाव आलं." त्या चाळीसेक मिनिटांच्या झोपेवर मी दिवस काढत होते.

बारावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी बसला कंडक्टर मॅडम नव्हत्या. रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक नवा माणूस होता आणि त्याला माझ्या खांद्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मी जागी झाले ती नांदेडच्या बसस्थानकात. बस रिकामी, झाडणारी बाई माझ्या पायाखालचा कचरा काढत होती. पहिली गोष्ट सांगते, मला भीती वाटली नाही. डोकं दुखत नव्हतं. किती महिन्यांनी डोकं दुखत नव्हतं! अंग हलकं झालं होतं आणि भूक अशी लागली होती की समोरच्या गाड्यावर जाऊन मी एक प्लेट भजी संपवली, मग दुसरी घेतली. तळलेली मिरची तोंडात घातली आणि सवयीने रुमालासाठी पर्समध्ये हात घातला, तर हाताला किल्ली लागली.

अभ्यासिका बंद. उद्या बारावीचा पेपर. सात पोरांच्या वह्या, गाइडं सगळं आत कपाटात, कारण घरी ठेवायला कुणाकडेच जागा नाही. आणि किल्ली इथं, भज्यांच्या गाड्याशी. मोबाइल काढला. सायलेंटवर होता. बाबांचे अकरा कॉल.

मी फोन लावला. "बाबा, बस पंक्चर झाली. कळमनुरीच्या जरा पुढं उभी हाय."

मग बाबा म्हणाले, "बरं. सावकाश ये."

परतीच्या बसमध्ये मी टक्क जागी होते. काय काय ऐकावं लागेल याची उजळणी करत होते. अर्धापूर गेलं, दिवे लागायची वेळ झाली. वस्तीपाशी उतरले तर पारावर गर्दी. सातही पोरं पारावर बसलेली, मधे एक आजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, आणि भोवती निम्मी वस्ती. मला वाटलं माझीच वाट बघतायत. तसं नव्हतं. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. पोरं एकमेकांना प्रश्न विचारत होती. वह्या नव्हत्या म्हणून जो तो आठवून सांगत होता. एक पोरगं इंग्रजीतलं पत्र तोंडपाठ म्हणत होतं. आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण पोरगं जरा थांबलं की तिची मान वर व्हायची. "अडकलास. पुन्ना पयल्यापासून सांग." पोरगं पुन्हा पहिल्यापासून. पोरं हसत होती. पेपरच्या आदल्या दिवशी अभ्यासिकेत मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं.

मग आजीला मी दिसले. "आली का बस पंक्चर करून?" तिने विचारलं आणि अख्खा पार हसत सुटला.

झालं होतं असं, की बस रोजच्यासारखी पारासमोरच्या थांब्यावर थांबली, दोघं उतरले, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला खिडकीत बघितलं. काचेला गाल चिकटलेला, तोंड उघडं. ते उठून हाका मारेपर्यंत बस सुटली. म्हणजे मी नांदेडच्या वाटेला लागले आहे हे सगळ्या वस्तीला माझ्याआधी तासभर माहीत होतं. आणि बाबांनाही. फोनवर मी पंक्चर सांगत होते तेव्हा बाबा याच पारावर उभे होते.

गुरुजी पुढे आले. नुसता हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांनी दार उघडलं, पोरांना वह्या काढून दिल्या आणि म्हणाले, "घरी जा, जेवा आणि झोपा. आता काही वाचायचं नाही." हे वाक्य गुरुजींच्या तोंडून वस्तीने पहिल्यांदाच ऐकलं असेल. मग दार लावून त्यांनी किल्ली मला परत न देता बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी ती खिशात टाकली. घरी येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. जेवतानाही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी आईने बाबांचा डबा माझ्या हातात दिला. "तूच नेऊन दे," म्हणाली. आमची आई फार बोलत नाही, पण कुणाला कुठं धाडायचं ते तिला बराबर कळतं. कुकर त्या दिवशी वस्तीमागच्याच शेतात लागला होता. सगळीकडे वाफ आणि शिजत्या हळदीचा तो उग्र ओला वास. बाबा कुकरपाशी उभे होते. मी डबा बांधावर ठेवला आणि जे तोंडात आलं ते सगळं एका दमात बोलून टाकलं. पंक्चर खोटं होतं. निकाल कधीच लागला, आठ पडले. माझं डोकं रोज दुखतं. मी न वाचता पानं उलटते. मला किल्ली नको, पण तुमच्या खिळ्याचं मला वाईट वाटतं. शेवटचं वाक्य बोलताना मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

बाबांनी कुकरचं झाकण उघडायला लावलं. वाफ ओसरल्यावर एक हळकुंड काढलं आणि त्यात काडी टोचली. काडी लोण्यात जावी तशी आत गेली. "काडी शिरली की हळद झाली," ते म्हणाले. "मंग लगेच काढायची. इसरला अन् वाफ चालूच ठिवली तर माल खराब व्हतो. एवढं मला कळतं. पंधरा वर्सं हेच करून राहिलो." ते हळकुंड त्यांनी हातातल्या हातात फिरवलं. "अन् घरात लेकरू वाळून चाललं, ते मला दिसलं न्हाई. तू खिडकीत झोपलेली गेली नं, तवा सगळे हसले. मला न्हाई हसू आलं. मला वाटलं, हे पोरगं इतकं दमलं कवा?"

बाबा इतकं सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

"आठ मंजी किती?" त्यांनी विचारलं.

"धापैकी आठ."

"मंग रडती काहून? चांगलेच हायत की!" ते म्हणाले आणि डबा सोडायला बसले. भाकरीचा पहिला तुकडा मला दिला.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिका बाबा उघडायला लागले. त्यांना कामावर जायला पहाटे उठावंच लागतं. मी सहा-साडेसहाला उठायची, अंगणात सडा टाकायची, भाकरी करायची. भाकरी पहिल्यांदा केली तेव्हा तिचा आकार बघून आई म्हणाली, "ही कोणत्या विषयाची म्हणायची?" संध्याकाळी मनात असेल तर अभ्यासिकेत जायची, नसेल तर पारावर बसून डोकं वर करून निंबाकडे बघायची. पारावरच्यांना सुरुवातीला करमेना. मग तेही वर बघायला लागले. एकदा आदल्या संध्याकाळी पेन विसरले होते म्हणून मी सकाळी अभ्यासिकेत गेले, तर बाबा झाडलोट करून बाकावर बसले होते, म्हाताऱ्यांच्या शेजारी, कालचा पेपर हातात. बोट एकेका शब्दाखाली सरकत होतं, ओठ हलत होते. मी पेन न घेताच मागे फिरले.

मग जयंती आली. मांडव, निळे झेंडे, धुतलेले पांढरे कपडे, भोंगा. वंदना झाली आणि गुरुजींनी यादी काढली. माझं नाव आलं. आठ पूर्णांक काहीतरी. गुरुजींनी एकदाच वाचलं. मी मान खाली घालून दुसऱ्या कुणाचं तरी नाव येण्याची वाट बघत होते, पण यादी संपली. त्या वर्षी वस्तीतून आमच्या दोघाचौघांशिवाय डिग्रीला कुणी नव्हतंच, आणि बाकीच्यांची माझ्याहून वाईट अवस्था होती. म्हणजे आठ पडूनही पहिली मीच. गुरुजींनी बाबांकडून मागून घेतलेली किल्ली टेबलावर ठेवली होती. ती उचलली, माझं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. मी जागेवरच बसून राहिले. सगळ्यांसमोर नको कसं म्हणायचं?

तेवढ्यात बाबा उठले. जन्मात माइकसमोर न गेलेला माणूस. माइकजवळ गेले, त्याच्याकडे बघितलं, फार जवळ गेले, त्यामुळे पहिला शब्द भोंग्यातून एवढा मोठ्याने आला की पारावरचे कावळे उडाले.

"किल्ली मह्यापाशी राहू द्या," बाबा म्हणाले. "मी पहाटं उठतोच. मार्क तिचेच हायत, सत्कार तिचाच करा. पण लेकराला झोपू द्या."

मग त्या शेंगा सोलणाऱ्या आजीने टाळी वाजवली आणि मागून सगळ्यांनी. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "चौथी पास माणसाकडे अभ्यासिकेची किल्ली," ते माइकवरच म्हणाले, "हे तर आधीच व्हायला पाहिजे होतं." आणि किल्ली बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मला शाल आणि पुस्तक मिळालं, ते मी कसं घेतलं ते आठवत नाही. बाबांचा तो चेहरा मात्र आठवतो.

दुपारी घरात पाहुणे येत-जात होते. गोड जेवण झालं होतं. मी आतल्या खोलीत जरा आडवी झाले, दहा मिनिटं म्हणून. डोळा लागत होता तेवढ्यात दारात कुणीतरी मोठ्याने आवाज दिला, पहिली आलेली पोरगी कुठं आहे म्हणून विचारत होतं. मी सवयीने उठायला लागले. बाहेरून बाबांचा आवाज आला. तोच जुना, पाटावर बसून दबक्या ऐटीत सांगायचा.

"हळू," ते म्हणाले. "लेकरू झोपून राहिलं."

मी पुन्हा आडवी झाले.